प्रमुख पाहुणे मिळतील

सोनखांब गावात सत्कार न झालेला माणूस शोधायचा असेल तर फार हिंडावं लागत नाही. एकच आहे. मच्छिंद्र.

शिंगणापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरून डावीकडं आत वळलं की चार किलोमीटरवर हे गाव लागतं. घरं दीडशे आणि घडी घालून कपाटात ठेवलेल्या शाली अंदाजे सहाशे. थंडी मात्र वर्षातून वीस-बावीस दिवसच पडते. गावातल्या नवचैतन्य युवा मंचातर्फे दर चैत्रात, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कर्तबगार ग्रामस्थांचे सत्कार होतात. मंचाचे अध्यक्ष काकासाहेब. वय एकोणसाठ. मंच निघाला तेव्हा ते युवक होते. पुढं ते बदलत गेले, मंचाचं नाव तसंच राहिलं.

मच्छिंद्रचा मंडपाचा धंदा होता. जय शनैश्वर मंडप आणि साऊंड. खुर्च्या तीनशे बारा, त्यातल्या अकरा बसताना विचारून बसायच्या. बावीस वर्षांत त्यानं हजारभर सत्कार पाहिले होते, पण सगळे स्टेजच्या मागून, ॲम्प्लिफायरशेजारच्या खोक्यावर बसून. त्यामुळं गावातली कर्तबगार माणसं त्याला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखू यायची.

त्याच्या घरात मात्र शालींना तोटा नव्हता. आई गोजरबाईचा सत्कार शंभरी गाठल्याबद्दल झाला होता. ती तेव्हा त्र्याऐंशीची होती, पण काकासाहेब म्हणाले, पुढचं कुनी बघितलंय, शाल आज हाय. बायको विजयमाला तीनदा स्टेजवर जाऊन आली होती: एकदा बचत गटासाठी, एकदा स्वच्छ अंगणासाठी आणि एकदा कशासाठी ते कुणालाच आठवत नव्हतं, पण फोटो होता. चौथीतली मुलगी संस्कृती सुंदर हस्ताक्षरासाठी. आणि मागच्या वर्षी चंद्रीचा झाला. चंद्री ही म्हैस. दिवसाला सोळा लिटर दूध देते. तिला शाल पांघरली तेव्हा तिनं मान हलवली आणि लोक म्हणाले, बघा, किती नम्र.

या सगळ्याचं मच्छिंद्रला बावीस वर्षांत काही वाटलं नव्हतं. वाटलं ते संस्कृतीच्या वहीमुळं. शाळेत निबंध दिला होता, 'माझ्या घरातील कर्तबगार व्यक्ती'. संस्कृतीनं सुंदर हस्ताक्षरात लिहिलं होतं:

'माझ्या घरात चार माणसे व एक म्हैस आहे. आजी शंभर वर्षांची आहे. आई तीन वेळा कर्तबगार आहे. मी एकदा आहे. चंद्री पण एकदा आहे. भिंतीवर सर्वांचे फोटो आहेत. बाबा पण आहेत. ते खुर्च्या मांडतात.'

खाली वर्गशिक्षकांचा लाल शेरा होता: 'छान. म्हशीबद्दल अजून लिहायला हवे होते.'

मच्छिंद्रनं वही मिटली, उघडली, परत वाचली. 'बाबा पण आहेत' हे वाक्य त्याला जेवताना आठवलं, झोपताना आठवलं आणि सकाळी चंद्रीची धार काढताना तर फारच आठवलं.

"अवं, तुमाला कशाला पायजे शाल?" विजयमाला भाकरी थापता थापता म्हणाली. "चंद्रीची घ्या. ती काय म्हननार न्हाई."

"मला शाल नको. भितीवर फोटू पायजे."

"मग खुर्चीवर चढून भितीला टेका. मी काढते."

मच्छिंद्र उठला आणि सरळ काकासाहेबांकडं गेला. काकासाहेब ओट्यावर यादी घेऊन बसले होते.

"काकासाहेब, औंदा माझंबी नाव घ्या की."

"कशाबद्दल?" काकासाहेबांनी मान वर केली नाही.

"असंच."

"असंच कसं घेता येईल? रकाना हाय. नाव, वय, कर्तृत्व. तुझ्या बोअरला पानी लागलं का?"

"कोरडी गेली."

"दुसरी?"

"तीबी."

"पासपोर्ट काढलाय? सोसायटीच्या चेअरमननी काढलाय. गावातला पयला. त्यांचं नाव हाय यादीत."

"चेअरमन कुठं निघालेत?"

"कुठं न्हाई. पन निघाले तर कुनी अडवू शकत न्हाई." काकासाहेबांनी आता मान वर केली. आवाज मायेचा होता. "हे बघ मच्छिंदर, अजून आठ दिवस हायती. काय तरी कर. मनात आनलं तर मानूस काय बी करतो."

हे वाक्य यंदाच्या बॅनरवर होतं आणि त्याचा नमुना त्यांच्या मांडीवरच पडला होता.

*

आठ दिवसांत कर्तृत्व करायचं म्हणजे घाई करावी लागणार होती. मच्छिंद्रनं पहिले दोन दिवस विचारात घालवले. शेतात काही पिकवून दाखवावं तर आठ दिवसांत फक्त मेथी उगवते, आणि मेथीचा सत्कार करण्याइतकं गाव अजून खाली आलं नव्हतं. शेवटी त्यानं ठरवलं, कुणाचा तरी जीव वाचवायचा. याला भांडवल लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला लंकाबाईची शेळी विहिरीत दिसली. अगदी पाण्यात नव्हती. आतल्या दगडी पायऱ्यांवर, पाण्याच्या थोडं वर उभी होती आणि कपारीतलं गवत खात होती. संकटात सापडलेली शेळी इतक्या निवांतपणे खाते का, हा प्रश्न मच्छिंद्रला पडला नाही. त्याला पडला तो प्रश्न साक्षीदारांचा. कुणी बघणारच नसेल तर जीव वाचवून उपयोग काय? त्यानं गोरक्षनाथला फोन लावला. गोरक्षनाथ म्हणजे त्याचा बालमित्र, मंडपाच्या टेम्पोचा ड्रायव्हर आणि वीस वर्षं अखंड तंबाखू खाणारा माणूस.

"गोरख्या, पळत ये. मोबाईल चार्ज हाय ना?"

"एकोनीस टक्के."

"बास व्हतंय. शूटिंग करायचंय. मी शेळी वाचवतोय."

गोरक्षनाथ आला, काठावर बसला, मोबाईल आडवा धरला आणि म्हणाला, "हं. वाचीव."

मच्छिंद्र पायऱ्या उतरला. शेळीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तिचा कान धरायला हात पुढं केला, शेवाळावर पाय पडला आणि मच्छिंद्र पाण्यात गेला. शेळी उरलेलं गवत तोंडात घेऊन, पायऱ्या चढून, रोजच्यासारखी वर निघून गेली.

"वाचवा!" मच्छिंद्र ओरडला. "गोरख्या, बुडालो!"

"आरं पन मी शूटिंग करतोय!" गोरक्षनाथ वरून ओरडला. "बंद करू का?"

तेवढ्यात लंकाबाई म्हैस घेऊन आली. सत्तरीची बाई, काटक, आवाज गावच्या भोंग्यापेक्षा स्वच्छ. तिनं आत वाकून पाहिलं, म्हशीचं दावं सोडून खाली टाकलं आणि म्हणाली, "धर मुडद्या! शेळीच्या नादाला लागलास व्हय? ती रोज उतरती तिथं! तुजा जलम जायचा, तरी तिच्यावानी उतरता यायचं न्हाई!"

तिनं त्याला ओढून पायऱ्यांवर घेतलं. पाणी कमरेइतकंच होतं, हे त्याला वर आल्यावर सांगण्यात आलं.

दुपारपर्यंत शूटिंग गावच्या ग्रुपवर होतं. संध्याकाळी काकासाहेबांचा फोन आला. मच्छिंद्रनं कपडे झटकून, उभं राहून फोन घेतला.

"मच्छिंदर, बघितलं. लई भारी काम झालं. नाव घातलंय यादीत."

"व्हय?" मच्छिंद्रच्या आवाजात पाणी आलं.

"लंकाबाईचं. कर्तृत्व: बुडणाऱ्या इसमास जीवदान. तुझं पूर्ण नाव सांग, इसमाच्या पुढं कंसात टाकतो."

*

पाचव्या दिवशी मच्छिंद्रनं यादी नीट वाचून काढली. तिच्यात एक नाव व्यसनमुक्तीसाठी होतं. हे त्याला एकदम सोपं वाटलं. काही करायचंच नाही, उलट करत असलेलं थांबवायचं. अडचण एकच होती. मच्छिंद्रला कसलंच व्यसन नव्हतं. चहासुद्धा तो दिला तर घ्यायचा.

"मग आधी लावून घे," गोरक्षनाथ म्हणाला. "आज लाव, परवा सोड. मधी एक दिस रहातोय तळमळायला."

मंडपाच्या शेडमध्ये, तीनशे बारा खुर्च्यांच्या चळतींपुढं शिकवणी बसली. गोरक्षनाथनं तंबाखू मळली, चुना लावला, फक्की झटकली आणि वीस वर्षांच्या अनुभवानं मच्छिंद्रच्या ओठाखाली चिमूट ठेवली.

"आता?" मच्छिंद्रनं विचारलं.

"आता काय न्हाई. बस निवांत. गोड लागतंय का?"

मच्छिंद्रला आधी घाम आला. मग खुर्च्या हलायला लागल्या. मग छत खाली आलं आणि परत वर गेलं. तो उभा राहिला आणि खुर्च्यांच्या चळतीला मिठी मारून तिच्यासकट आडवा झाला. पुढचा अर्धा तास तो पाण्याच्या ड्रमात तोंड घालून होता. गोरक्षनाथ त्याची पाठ चोळत होता. हळूहळू गोरक्षनाथचा चेहरा पांढरा होत गेला.

"मच्छ्या," तो म्हणाला, "आरं, हे मी वीस वर्षं खातोय?"

मच्छिंद्र परत ड्रमात वाकला.

गोरक्षनाथनं खिशातली पुडी काढली, तिच्याकडं साप बघावा तसं बघितलं आणि शेडबाहेर भिरकावली. त्यानंतर त्यानं तंबाखूला हात लावला नाही. दोन दिवसांनी त्याच्या बायकोनं स्वतः जाऊन काकासाहेबांना ही गोष्ट सांगितली. काकासाहेबांनी तिथल्या तिथं नाव घातलं. ही बातमी सांगायला गोरक्षनाथ मच्छिंद्रच्या घरी पेढे घेऊन आला आणि दारातच ओशाळून उभा राहिला.

"तुझ्यामुळं झालं रं, मच्छ्या. पन मी मागितलं न्हवतं. खरंच."

"दे पेढा," मच्छिंद्र म्हणाला.

गोजरबाई आतून म्हणाली, "मच्छिंदरा, आता घरात बस. तुला यश यायला लागलंय, पन ते दुसऱ्याला येतंय."

*

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सकाळी दहाला होता, म्हणजे बाराला सुरू व्हायचा. मच्छिंद्रनं पहाटेच मंडप उभा केला. बॅनर ताणून बांधला. 'मनात आणलं तर माणूस काहीही करतो.' खाली बेचाळीस सत्कारमूर्तींचे फोटो, मूग-वाटाण्याएवढ्या आकाराचे. स्टेजवरच्या टेबलावर त्यानं शाली मोजून ठेवल्या. पाहुण्यांसाठी जरीची एक वेगळी, आणि सत्कारमूर्तींसाठी एक्केचाळीस. ऐन वेळी दोन नावं वाढली होती, शाली मात्र एकच वाढली होती. त्यानं तीनदा मोजलं. मग आपल्या खोक्यावर जाऊन बसला. पुढं विजयमाला आणि संस्कृती बसल्या होत्या. संस्कृतीनं हात हलवला. तो ॲम्प्लिफायरचं बटण बघत राहिला.

प्रमुख पाहुणे सावेडीचे होते. ते 'यशाचे एकवीस टप्पे' या विषयावर बोलणार होते, म्हणून मच्छिंद्रनं बॅटरी जादा चार्ज केली होती. साडेबारा झाले, एक झाला. मागं मसालेभाताच्या पातेल्यांवर झाकणं वाजायला लागली. दीड वाजता पाहुण्यांचा फोन आला. काकासाहेबांनी घाईत स्पीकर चालू केला आणि समोर माईक होता, त्यामुळं संभाषण सगळ्या गावानं ऐकलं.

"अहो, मी केडगावात अडकलोय. इथं माझाच सत्कार चाललाय अजून. तेरा संस्था आहेत, सातवी चालू आहे. तुम्ही सुरू करा."

मंडपात लोक एकमेकांकडं बघायला लागले. सुरू करणार कसं? शाल कुणाच्या तरी 'शुभहस्ते' द्यावी लागते. आणि मंचाचा एक नियम होता. काही वर्षांपूर्वी दोन माणसांनी स्टेजवर एकमेकांचेच सत्कार करून घेतले होते आणि त्यावरून निम्मं गाव निम्म्या गावाशी बोलेना झालं होतं. तेव्हापासून ठरलं होतं की ज्यानं या स्टेजवरून शाल घेतली किंवा आज घेणार आहे, त्यानं ती दुसऱ्याला द्यायची नाही. नियम लिहिला होता रंगनाथ गुरुजींनी. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण नियम अजून नोकरीत होते. गुरुजी उठले, चष्मा पुसला आणि मंडपाकडं पाहिलं.

"ज्यांचा आजवर सत्कार झालेला नाही आणि आजही होणार नाही, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. ज्यांची नावं कधीच यादीत आली नव्हती अशी चारदोन माणसं गावात पूर्वी होती, पण ती दर वर्षी रुसायची आणि रुसणारांना पुढच्या वर्षी घ्यावंच लागायचं. काकासाहेबांनी आपलं आजचं नाव मागं घेतलं असतं तर प्रश्न सुटला असता. एकतीस वर्षं अध्यक्ष राहिल्याबद्दल त्यांचा सत्कार होता. पण हा मुद्दा ज्यांच्या लक्षात आला त्यांचीही नावं यादीत होती, म्हणून कुणी काढला नाही.

तेवढ्यात संस्कृती खुर्चीवर उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "गुरुजी, माझे बाबा पण आहेत."

सगळी मुंडकी ॲम्प्लिफायरकडं वळली.

मच्छिंद्रला वाटलं, माईक शिट्टी मारतोय म्हणून लोक बघतायत. तो बटण फिरवायला वाकला. गोरक्षनाथनं त्याला काखेत धरून उठवलं. "चल मच्छ्या. आता न्हाई म्हनू नको, नायतर मी परत तंबाखू खाईन."

दोन मिनिटांत मच्छिंद्र स्टेजवर मधल्या खुर्चीत होता. ही खुर्ची त्यानंच सकाळी पुसली होती आणि विचारून बसायच्या अकरांपैकी ती नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. प्रथेप्रमाणं आधी प्रमुख पाहुण्यांचं स्वागत, त्याला नियम आडवा येत नव्हता. काकासाहेबांनी फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि जरीची शाल पांघरली. त्यासाठी कसलाच रकाना भरावा लागला नाही. फोटोग्राफरनं फोटो काढला, त्यात काकासाहेबांचा कोपर आला.

मग लोक भाषणाची वाट बघू लागले. मच्छिंद्र माईकपुढं उभा राहिला.

"हॅलो. चेक. वन, टू, थ्री."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मच्छिंद्रनं घसा खाकरला. बावीस वर्षांची भाषणं त्याच्या डोक्यात एकदम गर्दी करायला लागली, आणि त्याच्या लक्षात आलं की त्यातलं एकही त्याला सांगावंसं वाटत नव्हतं.

"मंडळी," तो म्हणाला, "मी दर साली या टायमाला मागं बसून लई मोठ्या मान्सांची भाषनं ऐकली. समदे म्हनतात, यशाला शॉर्टकट नसतो. आन् मग जेवायच्या आधी मागच्या रस्त्यानं निघून जातात. मला काय त्यातलं कळत न्हाई. मी आठ दिवस यशस्वी व्हायला लई झटलो. तर लंकाबाई झाली, आन् गोरख्या झाला. मी फकस्त एकदा भिजलो आन् एकदा ओकलो. पन खरं सांगू का, गोरख्यानं तंबाखू सोडली ना, तवा मला जे वाटलं ते ही शाल घेताना न्हाई वाटलं. शाल गरम होतीय. मसालेभात गार होतोय. माझं झालं."

मंचाच्या इतिहासातलं हे सगळ्यात लहान भाषण होतं. लोकांना आधी खरं वाटेना. मग एक जण उठून उभा राहिला, मग सगळेच. जेवण जवळ आल्यामुळं उठले की भाषण आवडल्यामुळं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, पण टाळ्या खऱ्या होत्या.

मच्छिंद्रच्या शुभहस्ते शाली सुरू झाल्या. बोअरला पाणी, पासपोर्ट, नवीन स्कॉर्पिओ, तेहतिसाव्या वर्षी जमलेलं लग्न. गोरक्षनाथ आला आणि शाल घेऊन मच्छिंद्रच्या पायाच पडला. मच्छिंद्र देताना मोजत होता. एकोणचाळीस. चाळीस काकासाहेब. एक्केचाळीस. आणि टेबल रिकामं झालं.

"श्रीमती लंकाबाई!" निवेदक ओरडला.

लंकाबाई काठी न टेकता पायऱ्या चढून आली आणि रिकाम्या टेबलाकडं बघून थांबली. काकासाहेब खाली वाकून टेबलाखाली शोधायला लागले. तिथं काही नाही, हे मच्छिंद्रला पहाटेपासून माहीत होतं. त्याच्या खांद्यावर जरीची शाल होती. बावीस वर्षांनी आलेली. धड पाऊण तास झाला नव्हता. त्यानं समोर पाहिलं. संस्कृती खुर्चीवरच उभी होती.

त्यानं शाल काढली, झटकली आणि लंकाबाईच्या खांद्यावर घातली.

"घामानं वली हाय, मावशी."

"आसूं दे," लंकाबाई जरीवरून हात फिरवत म्हणाली. मग मान पुढं करून हळूच म्हणाली, पण माईक चालू होता, "पन परत हिरीपाशी दिसलास तर तंगडं मोडीन."

फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला.

*

तो फोटो आता भिंतीवर आहे. चंद्रीच्या शेजारी. त्यात लंकाबाईचं बोट मच्छिंद्रच्या नाकापुढं आहे आणि मच्छिंद्र तोंड उघडं ठेवून हसतोय. शाल दुसऱ्याच्या अंगावर असलेला घरातला हा एकच फोटो. पाहुणे आले की आधी त्याचीच चौकशी करतात. शाल सध्या शेळी वापरते.

पंधरा दिवसांनी काकासाहेब स्वतः मच्छिंद्रच्या घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "मच्छिंदर, पुढच्या वर्षी पयलं नाव तुझं. रकाना मी भरतो. काय लिहायचं ते बघू."

रंगनाथ गुरुजी बरोबर होते. ते म्हणाले, "नियमात बसते. पाहुण्याला दिलेली शाल स्वागतात मोडते, सत्कारात नाही. तांत्रिकदृष्ट्या मच्छिंद्रचा अजून सत्कार झालेलाच नाही."

मच्छिंद्रनं बशी खाली ठेवली. "नको, काकासाहेब."

"आरं? का?"

"धंद्याला बाधा येईल."

खरंच येणार होती. त्या मिनिटभराच्या भाषणाची बातमी आसपासच्या गावांत पोचली होती. वेळेवर येणारा, थोडक्यात बोलणारा, जेवायच्या आधी न जाणारा आणि शिवाय खुर्च्या-माईक स्वतःच घेऊन येणारा पाहुणा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. वैशाखातल्या त्याच्या सात तारखा आधीच बुक झाल्या होत्या. सगळीकडं नियम साधारण हाच होता आणि सत्कार न झालेला माणूस मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

काकासाहेब गेल्यावर मच्छिंद्रनं शेडवरचा बोर्ड खाली घेतला. जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून तो रंगवायचा राहिलाच होता. संस्कृतीनं सुंदर हस्ताक्षरात 'जि. अहिल्यानगर' लिहिलं. रंग उरला, म्हणून त्यानं तिला आणखी एक ओळ सांगितली. जागा कमी असल्यामुळं शेवटचं अक्षर थोडं कडेला वळलं, पण वाचता येतं:

'मंडप, खुर्च्या, साऊंड व प्रमुख पाहुणे मिळतील.'